एक रुपया जास्त

गाडीच्या फोटोत नंबर प्लेट दिसू देऊ नये असं मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून सासूबाईंनी प्लेटपुढे सूप धरलं. तांदूळ पाखडायचं सूप. फोटो झकास आले. ऑनलाइन जाहिरात टाकल्यावर लगेच चौकशीचे मेसेज सुरू झाले. त्यातल्या तिघांना गाडी नको होती, सूप केवढ्याला ते हवं होतं.

गाडी विकायचं कारण साधं होतं. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग, आणि माझे यजमान विपुल यांनी जहाजावर बसल्या बसल्या दुसरी, मोठी गाडी बुक केली. म्हणजे जुनीला जायला हवं. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका दुकानदाराने येऊन तिच्याभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि जी किंमत सांगितली ती ऐकून मला वाटलं, हा फक्त टायरांचं बोलतोय. त्या लाथेनंतर मी जाहीर केलं, गाडी मी स्वतः विकणार. पूर्ण पावणेतीन लाखांना. आणि कुणाकडूनही न फसता.

यातलं शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. कारण ते सासूबाईंनी ऐकलं.

ही गाडी मी लग्नाआधी, पहिल्या नोकरीत, हप्ते भरून घेतली होती. रेवाच्या जन्मानंतर नोकरी सुटली. फ्लॅट विपुलच्या नावावर, गॅस सासऱ्यांच्या नावावर, अजूनही. माझ्या एकटीच्या नावावर एवढी एकच वस्तू होती. ती फसून गेली असती तर मी स्वतःला तोंड दाखवू शकले नसते. सासूबाईंना तर दाखवावंच लागलं असतं, त्या घरातच असतात.

तर पहिलं गिऱ्हाईक. डीपीवर पांढरा युनिफॉर्म, मागे निळं पाणी. "मॅडम, मी मर्चंट नेव्हीत आहे. सध्या बोटीवर. वडील खांदेश्वरला असतात, त्यांना गाडी सरप्राईज द्यायची आहे. गाडी बघायची गरज नाही. फायनल."

वडिलांना सरप्राईज! मला गहिवरून आलं. आमच्या घरात बोटीवरच्या माणसाचं सगळं ऐकून घ्यायची पद्धतच पडली आहे. पण माझ्यात एक खोड आहे. मला गहिवरून येवो की भीती वाटो, मी प्रश्न विचारत सुटते. लहानपणी डॉक्टरांनी सुई काढली की मी विचारायचे, ही धुता कशी? त्यामुळे मी लिहिलं, "अरे वा, कोणत्या बोटीवर? डेकला की इंजिनला? जेवण कसं असतं? आमच्या ह्यांच्याकडे कुक चांगला नाही."

उत्तर लगेच आलं. "सब बढिया मॅडम. टोकन पाठवतो."

इथे माझ्या मनात पहिला खडा पडला. माझा नवरा बोटीवरून 'जेवलो' एवढं कळवतो ते माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याला पुन्हा भूक लागलेली असते. आणि या माणसाचे मेसेज फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडत होते. भर समुद्रात एवढं नेटवर्क? कोणती कंपनी? मी तेही विचारलं. मला खरंच हवं होतं.

त्याने त्याचं उत्तर न देता एक चौकोनी क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पाच हजार टोकन तुमच्या खात्यात. मी म्हटलं, पैसे घ्यायला पिन कशाला? पिन तर द्यायला लागतो. तो म्हणाला, "बोटीवरून वेगळी सिस्टिम असते." मी म्हटलं, सांगा ना कशी असते.

मग माझ्या फोनवर एक मेसेज वाजला: आपल्या खात्यात पन्नास हजार जमा. आणि पाठोपाठ त्याचा रडवेला व्हॉइस मेसेज, "मॅडम, गडबड झाली. एक शून्य जास्त पडलं. पंचेचाळीस हजार तेवढे लगेच परत करा. मेरी नौकरी चली जाएगी."

आता खोटं कशाला लिहू, माझा अंगठा हलला होता. पण अंगठ्याच्या आधी कुतूहल पोचलं. मी बँकेचं ॲप उघडलं. खात्यात कालचीच शिल्लक, किराणा वजा जाता. मेसेज पुन्हा पाहिला तर तो बँकेकडून नव्हे, कुणाच्या तरी साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आलेला. म्हणजे बँकेचा मेसेज यानेच टाइप केला होता! मला इतकं नवल वाटलं की रागवायचं राहूनच गेलं. मी त्याला लिहिलं, "हा मेसेज तुम्ही स्वतः लिहिता की तयार मिळतो? दिवसात किती जण फसतात? तुमच्या आईला माहीत आहे का?"

त्याने मला ब्लॉक केलं.

लोकांना चोर लुटतात. मला चोराने कंटाळून ब्लॉक केलं. हे दुःख मी कुणाला सांगणार?

सांगितलं अर्थातच. सोसायटीच्या ग्रुपवर. त्यानंतर सल्ल्यांचा पूर आला, आणि त्या पुरात पोहत आमचे सेक्रेटरी बाजीराव काका प्रत्यक्ष घरी आले. मूळचे कराडकडचे, मार्केट यार्डातून रिटायर झालेले. सोसायटीतल्या प्रत्येक आपत्तीला ते हातात पाण्याची बाटली घेऊन हजर असतात.

"हे बघ सूनबाई," ते सोफ्यावर बसत म्हणाले, "पैसा मेसेजात बघायचा नसतो. पैसा पासबुकात बघायचा. पासबुकात छापून आल्याशिवाय किल्ली सोडायची नाही. घेणाऱ्याला आपल्या बँकेत बोलव. फुकट गाडी फिरवायला एकट्याला द्यायची नाही. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. जाताना काचेवरचा फास्टॅग काढ, नाहीतर टोल त्याचा आणि कापणार तुझे."

मी मनात एकेक गाठ मारत गेले. सल्ला खरोखरच उत्तम होता. मग ते म्हणाले, "आणि रात्री स्टीअरिंग काढून घरात आणून ठेव," तेव्हा मी गाठी मारायचं थांबवलं.

शेवटी स्वतःसाठी एक नियम मी स्वतःच केला, आणि त्याचा मला फार अभिमान होता. ठरल्यापेक्षा एक रुपया कमी आला तर बोलून घ्यावं. पण ठरल्यापेक्षा एक रुपया जरी जास्त आला, तर तिथेच थांबावं, काही दाबू नये, काही परत करू नये, आरडाओरडा करावा. जास्तीचा पैसा म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ.

मग एका रविवारी जासईचे पंढरी ठाकूर आले. बरोबर पत्नी सखूताई आणि मुलगी भाविका. कंटेनर यार्डाच्या एका ऑफिसात भाविकाला नुकतीच नोकरी लागलेली, गाडी तिला हवी होती. पंढरीकाका पांढऱ्या शर्टात, गळ्यात जाड चेन, आवाज भरतीसारखा. सखूताई गप्प. पण त्या गप्प राहून सगळं बघत होत्या, आणि मला ते लगेच ओळखू आलं, कारण मीही तेच करत होते.

त्यांच्या नजरेला पहिली काय पडली, तर टेबलावरची माझी वही. तिचं असं झालं होतं, की आरटीओच्या फॉर्मवर सही गाडी घेतानाच्या सहीशी जुळावी लागते. गाडी घेतली तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि माझ्या सहीला शेवटी एक वेलांटीदार शेपूट आणि वर दोन टिंबं होती. संसारात ते शेपूट कधी गळालं मला कळलंच नाही. म्हणून मी सकाळपासून रेवाच्या चित्रकलेच्या वहीत स्वतःचीच जुनी सही गिरवत होते. पानभर. अस्मिता शिर्के, अस्मिता शिर्के, अस्मिता शिर्के.

भाविकाने पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "ताई, हे काय?"

"सहीची प्रॅक्टिस," मी खरं ते सांगितलं. कधी कधी खरं किती वाईट दिसतं!

"कोणाच्या सहीची?"

"माझ्या."

भाविकाने माझा आधार आणि गाडीचं आरसी शेजारी शेजारी ठेवलं. "आरसीवर शिर्के. आधारवर निकम. मग तुमी नक्की कोण?"

"दोन्ही मीच. लग्न झालं ना!"

"असं तर सगलेच बोलतात," सखूताई पहिल्यांदा बोलल्या.

तेव्हा हळूहळू उलगडलं. मागच्या वर्षी भाविकाने अशीच ऑनलाइन स्कूटी बघितली होती, टोकन पाठवलं होतं, आणि स्कूटीबरोबर विकणारी बाईही गायब झाली होती. तीही गोड बोलायची म्हणे. तिलाही लहान मुलगी होती म्हणे. म्हणजे मी यांना ठग समजून चहात साखर मोजून घालत होते, आणि हे मला ठग समजून चहाला हातच लावत नव्हते! माझ्या आयुष्यात माझ्यावर कुणी इतका संशय घेतला नव्हता. अपमान वाटायला हवा होता. पण मला आधी प्रश्न पडला, मी ठग असते तर कशी दिसले असते? अशीच की!

सखूताईंनी रेवाला जवळ घेतलं. हळूच विचारलं, "बाला, ही गारी कोनाची?"

"आमची," रेवा म्हणाली.

"नि बाबा कुठं हायेत?"

"बोटीवर."

भाविकाने आईकडे बघितलं. स्कूटीवालीचा नवराही बहुधा बोटीवर होता.

मी लग्नाचा दाखला काढला, शिक्क्यासकट. भाविकाने तो उजेडात धरला. सखूताई म्हणाल्या, कागद काय, कसलेपन बनवतात. शेवटी सासूबाईंचा संयम सुटला. त्या आत गेल्या आणि आमच्या लग्नाचा अल्बम घेऊन आल्या. साडेतीन किलोचा. सखूताईंनी तो मांडीवर घेतला आणि हळदीपासून सुरुवात केली. प्रत्येक पान. ही कोण, हे कोण, जेवनाला काय होतं, पुरनपोली का बासुंदी. मी घड्याळ बघत होते. आणि मग पाठवणीच्या पानावर त्या थांबल्या.

फोटोत मी रडत गाडीत बसत होते. गाडी हीच. झेंडूच्या माळांनी मढवलेली, मागच्या काचेवर आमची नावं, आणि खाली, हाराच्या मधोमध, स्वच्छ दिसणारी नंबर प्लेट. भाविकाने प्लेट आरसीशी ताडून बघितली. सखूताईंनी फोटोतलं माझं नाक माझ्या नाकाशी ताडून बघितलं.

"हीच हाय," त्या म्हणाल्या. आणि चहाचा कप उचलला.

आता टेस्ट ड्राइव्ह. आमच्या नियमाप्रमाणे गाडी एकट्याला द्यायची नाही, म्हणून मी आणि रेवा बरोबर. पण त्यांच्या घरातलं कुणीतरी इथे राहायला हवं, म्हणून पंढरीकाका ओलीस. त्यावर सखूताई म्हणाल्या, मंग तुमचा पन एक मानूस इथं बसू दे. म्हणून सासूबाई ओलीस. दोघं गेटजवळच्या बाकावर दोन टोकांना बसले, आणि बाजीराव काका मध्ये पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले, युद्धकैद्यांची अदलाबदल असल्यासारखे.

भाविकाने पाम बीच रोडला गाडी छान चालवली. वळणावर मात्र आवाज आला. खळ्ळ.

"ताई, हे काय वाजतंय?"

"ते मलाही जाणून घ्यायचंय," मी म्हटलं. "गेल्या दिवाळीपासून वाजतंय. दोन मेकॅनिकांना सापडलं नाही. गाडीला काही होत नाही, फक्त डावीकडे वळलं की वाजतं."

हे ऐकून भाविका पहिल्यांदा हसली. "स्कूटीवाली बोलली होती, काहीच वाजत नाही."

परत आलो तर बाकावरचे दोन्ही ओलीस एका टोकाला सरकले होते आणि पंढरीकाका सासूबाईंना सांगत होते, आमची भातशेती होती तवा अशी सुपं घरात सात सात असायची, फोटोत बघूनच बोललो, मानसं बरी दिसतात. सासूबाई खुलल्या होत्या. किंमत तिथेच ठरली. एका पैशाचीही घासाघीस न होता, पूर्ण पावणेतीन लाख. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, असं मला नंतर वाटलं आणि त्याच्याही नंतर वाटलं नाही.

सोमवारी सगळे माझ्या बँकेत. भाविकाचं खातं योगायोगाने त्याच बँकेचं, म्हणजे पैसे लगेच इकडून तिकडे. मी, सासूबाई, कडेवर रेवा, हातात पासबुक, आणि किल्ली ब्लाउजमध्ये, कारण पर्समधून काढून घेतात. भाविका काउंटरवर स्लिप भरत होती. पंढरीकाका वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाले. तिने मान हलवली आणि स्लिपवर काहीतरी बदललं.

बदललं! मी मानेच्या शिरा ताणून बघितलं, पण त्यांची पाठ रुंद होती.

"झालं, ट्रान्सफर झालं," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"मेसेज आलाय बघ," सासूबाई म्हणाल्या.

"मेसेजात बघायचं नाही," मी म्हटलं आणि पासबुक छापायच्या मशीनकडे धावले. मशीन घरघरलं, पान बाहेर आलं. ताजी शाई. दोन लाख पंचाहत्तर हजार एक.

एक.

मी डोळे चोळले. एक तिथेच होता, ताठ, सुईसारखा.

"थांबा!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने, की बाहेरचा गार्ड आत आला आणि रेवा आनंदाने टाळ्या वाजवू लागली. "कुणीही काही दाबू नका! रक्कम जास्त आली आहे!"

"किती जास्त?" मॅनेजर केबिनमधून धावत आले.

"एक रुपया!"

मॅनेजर जिथे पोचले होते तिथेच उभे राहिले.

पंढरीकाका मात्र शांतपणे पुढे आले. "जास्त नाय ताई, बरोबर हाय. आता तुमी त्यातलं कायतरी आमाला परत द्यायचं."

परत! शब्दान् शब्द तोच! जास्तीचा पैसा, मग परत करा. माझ्या डोळ्यांपुढे पांढरा युनिफॉर्म आणि निळं पाणी तरळलं. अल्बम बघितला, बासुंदीची चौकशी केली, आणि शेवटी हे? तरीही, काय करू, माझ्यातली ती खोड तेवढ्यातही तोंड वर काढून विचारती झाली, "कसं परत? क्यूआर पाठवताय?"

"क्यूआर कशाला?" पंढरीकाका गोंधळले. "हातावर द्या. तुमच्या पोरीच्या हातानं. एक रुपया, दोन रुपये, कायपन. भाविकाची पहिली गारी, तवा शकुनाचा एक रुपया वर घातला. सपाट शून्यावर कोन व्यवहार करतं का? आनि देनाऱ्यानं पन कायतरी परत ठेवायचं हातावर. घरातली वस्तू अशी मोकली धाडत नाय."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. त्याचा आवाज पासबुकाच्या मशीनपेक्षा मोठा होता.

"अगं अस्मिता, परवा त्या बारशाला पाकिटात किती घातलेस तू?"

"एकशे एक," मी म्हटलं.

"मग?"

मग काय? आयुष्यभर मी पाकिटांत एकावन्न, एकशे एक, पाचशे एक घालत आले. माझ्या लग्नात आलेली पाकिटं फोडताना प्रत्येकात तो एक होता. पण तोच एक बँकेच्या छपाईत आला आणि मला ओळखू आला नाही. रोज दिसणारा शेजारी जत्रेत पोलिसाच्या वेषात आला तर जसं होईल तसं.

मी माफी मागितली. सखूताई म्हणाल्या, "बरं झालं वरडलीस. आमची भाविका तवा अशी वरडली असती तर स्कूटीचं टोकन वाचलं असतं." हे त्या बँकेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि मला जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

आता परत द्यायचा रुपया. तो कुणाकडेच नव्हता! माझ्या पर्समध्ये कार्डं, सासूबाईंच्या पिशवीत पाचशेची नोट आणि खडीसाखर. पंढरीकाकांकडे नोटांचं बंडल, पण देणाऱ्याचा रुपया घेणाऱ्याकडून कसा घ्यायचा? गार्डने खिसे उलटे करून दाखवले, तो चहासुद्धा फोनवर पितो.

"माझे आहेत," रेवा म्हणाली. "गाडीतल्या गल्ल्यात."

"गाडीत कुठला गल्ला?"

ती आम्हाला बँकेच्या पार्किंगमध्ये घेऊन गेली, मागच्या सीटवर चढली आणि हँडब्रेकच्या बाजूच्या अरुंद फटीवर बोट ठेवलं. सखूताईंनी केसातली पिन काढली, दाताने सरळ केली आणि फटीत घातली. आधी बिस्किटाचा तुकडा आला. मग एक रुपया. मग दुसरा. मग दोनाचं नाणं. दिवाळीपासूनची बचत.

दोन मेकॅनिक आणि मी, आम्हा तिघांना न सापडलेला आवाज सखूताईंच्या तळहातावर पडला होता. मी ती नाणी हलवून बघितली. खळ्ळ. खरंच तोच!

रेवाने एक रुपया भाविकाच्या हातावर ठेवला. उरलेले लगेच स्वतःच्या खिशात घातले, त्या बाबतीत ती सासूबाईंवर गेली आहे. मी काचेवरचा फास्टॅग सोलून काढला, तारीख-वेळ घालून ताबा दिल्याच्या कागदावर भाविकाची सही घेतली, आणि शेपटीसकट माझी जुनी सही केली. शेपूट पहिल्याच फटक्यात जमलं. मग किल्ली दिली. सखूताईंनी विचारलं, सूप देतीस का? सासूबाई म्हणाल्या, नाही. गाडी निघाली. कोपऱ्यावर डावीकडे वळली. मी कान देऊन ऐकलं, काही वाजलं नाही, आणि तेव्हा मला रडू आलं.

संध्याकाळी विपुलचा फोन लागला. मागे इंजिनाची घरघर. "गेली गाडी? पैसे आले?"

"आले. एक रुपया जास्तच आला."

यावेळी उत्तर लगेच आलं. "जास्त आला? मग?"

"मग त्यांनी परत मागितला. मी लगेच दिला."

"अस्मिता!" तो इतका ओरडला की बोटीवर कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला. "काही दाबू नकोस! कुठे स्कॅन केलंस? पिन टाकलास का? बाजीराव काकांना बोलाव, आत्ता!"

मी फोन कानापासून थोडा लांब धरला. बिचारा, किती घाबरला होता. पण त्यातही मला एका गोष्टीचं नवल वाटलं, आणि मी त्याला विचारलंच, "अहो, आज नेटवर्क इतकं चांगलं कसं?"